पाठीवरचं पाणी

पालिकेच्या जलखात्यात मी चावीवाला आहे. मानखुर्दच्या रस्त्यांखालून गेलेल्या जलवाहिन्यांवर ठिकठिकाणी व्हॉल्व्ह आहेत. ठरल्या वेळी एका भागाचा बंद करायचा आणि दुसऱ्याचा उघडायचा, हे माझं काम. छातीएवढी उंच लोखंडी चावी, माथ्याला आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलून ती खाली सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. कुठं किती आटे दिले की कुठल्या गल्लीच्या टोकापर्यंत पाणी चढतं, हे कुणी कागदावर लिहून देत नाही; वर्षानुवर्षांनी हाताला कळतं. एखाद-दुसऱ्या आट्यावर शेवटच्या घरातला ड्रम भरणार की अर्धा राहणार, हे ठरतं. म्हणून आटे मोजताना मी कुणाशी बोलत नाही.

हे पाणी येतं भातसा, तानसा, वैतरणेवरून. शहापूरकडच्या भरपूर पावसाच्या डोंगरांतून. माझं गाव मात्र माण तालुक्यातलं. सह्याद्रीच्या पाठीमागं, महादेवाच्या डोंगररांगेला धरून पसरलेला हा मुलूख. ढग इथवर पोचतात ते रिकामे होऊन. वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे मुंबईच्या पाचव्या हिश्श्याएवढा, तोही पडला तर. माझे वडील, तात्या, १९७२च्या दुष्काळात गावाकडं खडी फोडत होते. सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन त्यांनी ते वर्ष काढलं आणि मुंबई गाठली. तेव्हा हार्बरची गाडी मानखुर्दला संपायची. खाडी ओलांडून ती वाशीला गेली १९९२ साली. तात्या सांगायचे, "जिथं रूळ संपलं तिथं उतरलो." खाडीच्या कडेला त्यांनी झोपडं उभं केलं, आणि गावाकडं पाण्यासाठी रांगेत उभा राहिलेला माणूस इथंही पाण्याच्याच रांगेत उभा राहिला. मी त्या रांगेत मोठा झालो. माझी लेकही.

लेक आठवीत होती तेव्हाची ही गोष्ट. तिला चालायचं वेड. हरिश्चंद्रगड, राजमाची असे एक-दोन दिवसांचे ट्रेक आम्ही केलेले. पण तिला लांब चालायचं होतं, पाठीवर सगळा संसार घेऊन, रोज वेगळ्या जागी मुक्काम करत. मोबाइलवर तिनं कुठंतरी अमेरिकेतल्या ॲरिझोना ट्रेलवर चालणारे बापलेक पाहिले होते. मेक्सिकोच्या सीमेपासून उत्तरेला युटा राज्याच्या सीमेपर्यंत जवळपास तेराशे किलोमीटरची ती वाट, त्यात कितीतरी टप्पे वाळवंटाचे. तिथले चालणारे गुरांसाठी बांधलेल्या टाक्यांतलं पाणी गाळून पितात, हे तिला फार भावलं होतं. "पप्पा, आपल्याकडं असं कुठं चालता येईल?" तिनं विचारलं. माझ्या डोळ्यांपुढं एकच जागा आली. ती मी तिला आजवर दाखवली नव्हती; गावी जायचो ते जत्रेला, एसटीनं, आणि दोन दिवसांत परत.

माणगंगा नदी माण तालुक्यात कुळकजाईच्या सीतामाईच्या डोंगरावर उगम पावते. सातारा, सांगली, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांतून वाहत पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. वाहत म्हणायचं ते पावसाळ्यातल्या काही दिवसांपुरतं. एरवी हे दीडशे किलोमीटरांहून लांब वाळूचं, दगडांचं आणि वेड्या बाभळीचं पात्र असतं. त्याच पात्रातून, जमेल तिथं काठाकाठानं, उगमापासून संगमापर्यंत चालायचं ठरवलं. वाटेच्या खुणा नाहीत, मुक्कामाच्या सोयी नाहीत. कोरडी नदी दाखवील तीच वाट.

वर्ष होतं २०१८चं, पावसानं पाठ फिरवलेलं. ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्या वाटेवरचा सगळाच पट्टा त्यात होता. घरात वाद झाला. बायकोचं म्हणणं सरळ होतं: "लोकं तिकडं टँकरवर जगत्यात आणि तुम्ही पोरीला घेऊन त्यांच्या दारात पाणी मागणार?" हा प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो. त्यावर आम्ही बापलेकीनं एक नियम केला. पाणी घ्यायचं ते मोठ्या गावात, देवस्थानात, एसटी स्टँडावर. वाडीवस्तीवर मागायचं नाही. पाठीवर घेऊ तेवढंच आपलं. माझ्या सॅकमध्ये आठ लिटर, तिच्या सॅकमध्ये तीन. शिवाय भाकरीचं पीठ, डाळ-तांदूळ, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दोन पांघरुणं, एक छोटी कढई आणि काटे काढायला चिमटा नि दाभण. जानेवारी २०१९मध्ये मी पंधरवड्याची रजा टाकली, शाळेतून तिला सोडवलं, आणि चेंबूरच्या मैत्री पार्कवरून रात्रीची एसटी धरली.

उगमाला, सीतामाईच्या डोंगरावर पोचलो. संक्रांतीला इथं बायकांची मोठी यात्रा भरते. आजूबाजूच्या तालुक्यांतून बाया ववसायला येतात. सुगडं, हळदीकुंकू, बोरं, उसाची कांडकी. माझी आजी दर वर्षी इथं चालत यायची. त्याच डोंगरावर आणखी एक नदी निघते, बाणगंगा. ती उत्तरेला उतरून फलटणकडं जाते आणि नीरेला मिळते; माणगंगा आग्नेयेला वळते. लेकीनं दोन्हीकडं उतरणाऱ्या घळी डोळ्यांनी बघितल्या आणि मला विचारलं, "इथं उभं राहून पाणी कुठं जायचं ते कोण ठरवतं?" माझ्यासारख्या चावीवाल्याच्या पोरीनंच विचारावा असा प्रश्न. मी म्हटलं, "डोंगराचा कणा."

पहिले दोन दिवस दगडांचे. मलवडीच्या पुढं वाळू हवी होती, पण वाळू फार थोडी उरली होती. उपसून नेलेली. पात्रात माणूस उभा मावेल असे खड्डे, खाली उघडा पडलेला मुरूम आणि त्यावर उगवलेली वेडी बाभूळ. वाळू असते तेव्हा नदी वरून कोरडी दिसली तरी आत ओल धरून ठेवते. काठच्या विहिरी त्या ओलीवर जगतात. वाळू गेली की पुराचं पाणी थांबत नाही, वाहून जातं. मुंबईतले टॉवर ज्या वाळूवर उभे राहिले त्यातली काही इथली असेल. मला त्या खड्ड्यांच्या कडेनं चालताना राग आला आणि तो अजून गेलेला नाही. आंधळीच्या धरणात तळाची माती भेगाळून उलटी झाली होती. तिथून दहिवडीपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. बाभळीचे काटे बुटाच्या तळव्यातून वर येत होते आणि थांबून थांबून ते काढण्यातच दिवस गेला.

दहिवडी आणि म्हसवड यांच्या दरम्यान, एका वाडीच्या खाली, पात्रात थोडी वाळू शिल्लक होती. तिथं एक म्हातारी बसली होती. पुढ्यात हातभर खोल खड्डा, झिरा. त्यात तळाला वाटीभर पाणी. शेजारी घागर, तोंडाला फडकं बांधलेलं. ती स्टीलच्या वाटीनं हळूच पाणी उचलायची, घागरीत ओतायची, मग हात मांडीवर ठेवून थांबायची. परत पाणी पाझरून वाटी बुडेल इतकं होईपर्यंत थांबायचं. घाई केली की वाळू ढवळते, पाणी गढूळ होतं, आणि कडा ढासळली तर सगळं पहिल्यापासून.

"कुनीकडं निघालाय लेकराला घिऊन?" तिनं विचारलं. मी गाव सांगितलं, तात्यांचं नाव सांगितलं. "मंजी आपलीच की," ती म्हणाली. वाडीत आता म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी. बाकीची दिवाळीनंतर मेंढरं घेऊन जगायला गेलेली. कुणी घाट उतरून कोकणात, कुणी पुण्याच्या बाजूला. तिचा मुलगा, सून आणि बिनशाळेची दोन नातवंडं घोड्यावर बिऱ्हाड टाकून निघाली होती. पावसाच्या तोंडाला परत येतील.

लेक तिच्या शेजारी बसली. थोड्या वेळानं म्हातारीनं वाटी तिच्या हातात दिली, कमरेला रग लागली होती म्हणून. माझ्या पोरीनं पाणी उचललं, आणि मी बघतच राहिलो. तिनं वाटी तिरकी धरली, पाण्याच्या पातळीला टेकवली, आणि वरचं निवळ तेवढं आत येऊ दिलं. तळाला हात लावलाच नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मानखुर्दला पावसाळ्यात कधी पाणी गढूळ येतं तेव्हा आमच्या घरात ड्रमातलं पाणी असंच काढतात; गाळ बसू द्यायचा आणि वरचं वेगळं करायचं. म्हातारी म्हणाली, "मुंबईची न्हाई ही पोर." लेक हसली आणि पुढच्या पाझराची वाट बघत बसली. ऊन डोक्यावर आलं, आमचा चालायचा हिशेब बिघडला, पण घागर भरेपर्यंत ती उठायला तयार नव्हती. मीही तिला उठवलं नाही. रोज पहाटे मी जे पाणी वळवतो ते एका आट्यात हजारो लिटरनं धावतं. इथं एक घागर भरायला दुपार गेली, आणि त्या दुपारचा एकही क्षण वाया गेला असं मला वाटलं नाही.

निघताना म्हातारीनं तांब्या पुढं केला. आम्ही नियम सांगितला. तिला तो अजिबात पटला नाही. "मागितलं न्हाई तरी देयाचं असतं बाबा. पानी हाय ते." आम्ही एकेक घोट घेतला. त्या दिवसापासून नियमात एक दुरुस्ती केली: मागायचं नाही, पण कुणी दिलेलं नाकारायचं नाही. आणि सांगायला हवं, पुढच्या सबंध वाटेवर एकाही वस्तीनं आम्हाला पाणी विचारल्याशिवाय पुढं जाऊ दिलं नाही. ज्या गावात टँकर दोन दिवसांआड येत होता तिथंही नाही. लेक घोट घेऊन ओळखायची, "हे टँकरचं आहे," किंवा "हे विहिरीचं." क्लोरिनची चव तिला घरूनच माहीत.

गोंदवल्याला गोंदवलेकर महाराजांच्या समाधीजवळ मुक्काम केला. प्रसाद घेतला, नळाखाली पाय धुतले, सगळ्या बाटल्या भरल्या. तिथून निघायला जिवावर आलं.

म्हसवडला जनावरांची चारा छावणी होती. माणदेशी फाउंडेशननं जानेवारीच्या सुरुवातीलाच ती सुरू केली होती, आणि आम्ही पोचलो तोवर हजारो जनावरं आलेली. माळावर गोठ्यांच्या रांगाच रांगा. ताडपत्री, साड्या, बाभळीच्या फांद्या, मिळेल त्याची सावली. खिलार बैल, गाई, म्हशी; उसाच्या वाढ्याचे ढीग; शेणाचा आणि पेंडीचा वास. जनावरांबरोबर माणसंही राहायला आलेली, बहुतेक बायका. घरं दोन ठिकाणी झालेली: आई छावणीत, पोरं गावात शाळेसाठी. लेकीच्या वयाची एक मुलगी रविवार म्हणून आईला भेटायला आली होती. एरवी ती गावात धाकट्या भावाचं जेवण करते, शाळेत जाते. दोघी एका म्हशीच्या पाठीला टेकून बराच वेळ बोलत बसल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही, रात्री लेक एवढंच म्हणाली, "ती आईला रोज फोन करते, पण छावणीत चार्जिंगला रांग असते."

तिथं माझ्या हाताला काम मिळालं. पाण्याच्या टाकीखालचा एक कॉक गळत होता, खाली चिखल झालेला. वायसर झिजलं होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून मी नवं वायसर बसवलं, आट्यांवर सुतळी गुंडाळली, घट्ट केला. पाच मिनिटांचं काम. शेजारच्या रांगेतली एक बाई आली, "दादा, आमचा पण बघा." मग आणखी एक. संध्याकाळपर्यंत मी कॉकच दुरुस्त करत होतो आणि लेक ट्यूबचे गोल तुकडे कापून देत होती. एवढी वर्षं नोकरी केली, पण ज्याला पाणी मिळालं त्याचं तोंड समोर दिसतंय असं मुंबईत फार क्वचित होतं. व्हॉल्व्ह रस्त्यात असतो आणि ड्रम गल्लीच्या आत. इथं म्हशी लगेच हौदाला तोंड लावत होत्या.

म्हसवडच्या पुढं राजेवाडीचा तलाव. १८७६-७७च्या दुष्काळात इंग्रजांनी काढलेल्या कामातून तो उभा राहिला. माणगंगेवरचा तो लांबच लांब बांध चढून आम्ही पलीकडं बघितलं, तर मध्ये थोडं पाणी, बाकी गाळ. बांधाचे दगड कुणी फोडले, कुणी वाहिले, याची नोंद कुठं सापडणार? माझ्या तात्यांनी जवळपास शंभर वर्षांनी खडी फोडली ती अशाच कामावर. लेकीनं बांधाच्या एका दगडावर हात ठेवला आणि विचारलं, "तेव्हा आठवीतली मुलं पण कामावर असणार ना?" असणारच.

पुढं दिघंची; हा आटपाडी तालुका. इथं आमच्या वाटेवर मला ओळखीच्या वस्तू भेटल्या: जाड पाइप, एअर व्हॉल्व्ह, काँक्रीटची चेंबरं. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं डोंगर चढवून या भागात आणलं आहे. जिथं ते पोचलं तिथं डाळिंबाच्या बागा हिरव्यागार; पाइपलाइन संपली की पुन्हा कुसळं. चालणाऱ्याला ही रेघ पायांनी कळते.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर मी लेकीला मुद्दाम दाखवलं. स्वातंत्र्यापूर्वी आटपाडी औंध संस्थानात होती. त्या संस्थानानं १९३९च्या सुमारास इथं भिंती नसलेला तुरुंग सुरू केला. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश माणसाचा त्यात मोठा वाटा. कैदी कुटुंबासह राहायचे, शेती करायचे. त्यावरूनच ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. चालून चालून दमलेल्या पोरीला मी हे सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या कोरड्या जागी त्यांनी पळून जायचं तरी कुठं ठरवलं असतं?" मला वाटतं, तिचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्यात दडलेलं उत्तर अपुरं होतं. पळून जायला पाणी लागतं, हे खरं. राहायला त्याहून जास्त काहीतरी लागतं, आणि ते त्या कैद्यांना तिथं मिळालं असावं.

सांगोल्याच्या बाजूला एक दिवस फार वाईट गेला. जानेवारी असूनही ऊन चटके देत होतं, पात्रात बाभळीची इतकी दाटी की काठावर चढावं लागलं, आणि काठावर सावली नाही. माझं पाणी दुपारीच संपलं. तिच्या टाचेला फोड आलेले. मी पुढच्या गावाचं अंतर मनात मोजत होतो तेव्हा तिनं सॅकच्या तळातून एक लिटरची भरलेली बाटली काढली. गोंदवल्याला भरलेली, इतके दिवस तिनं ती उघडलीच नव्हती, रोज ओझं म्हणून वाहिली होती. आमच्या घरी नळाला नवं पाणी आल्याशिवाय शेवटच्या हंड्याला हात लावत नाहीत. तोच कायदा तिनं सॅकमध्ये पाळला होता. पाणी कोमट आणि प्लास्टिकच्या वासाचं होतं. आम्ही आळीपाळीनं प्यायलो. मी तिला काही बोललो नाही. गळा दाटून आला होता.

आमच्या वस्तीतल्या पोरांबद्दल लोक हळहळतात, की यांचं बालपण रांगेत जातं. जातंच, आणि ते जाऊ नये म्हणून भांडलंच पाहिजे. पाणी ही उपकाराची वस्तू नव्हे. पण त्या रांगेत ही पोरं काय शिकतात त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही. किती पाण्यात किती निभतं, कुठलं पाणी कशाला वापरायचं, कुठलं राखायचं, कुणाला आधी द्यायचं. ट्रेकला येणारी ऐपतदार घरांतली मुलं मी पाहिली आहेत. चांगली असतात, पण पहिल्या तासात बाटली रिकामी करतात. माझी लेक त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त शहाणी होती, आणि तिचं ते शहाणपण मानखुर्दचं होतं.

नाझऱ्याला थांबलो, शिवलीलामृत लिहिणाऱ्या श्रीधरांचं हे गाव, आणि माझी आजी अकरावा अध्याय पाठ म्हणायची. तिथून पुढं काळी जमीन सुरू होते. ज्वारी त्या वर्षी गुडघ्यापर्यंतसुद्धा आली नव्हती. सरकोलीला संगमावर पोचलो तेव्हा माणगंगेच्या बाजूनं आम्ही दोघंच आलो होतो, पाणी नव्हतंच. भीमेत मात्र पाणी होतं आणि काठावर मोटारींच्या पाइपांची गर्दी. लेकीनं बूट काढले, फोडांसकट पाय पाण्यात सोडले आणि विचारलं, "हे कुठल्या धरणाचं?" उजनीचं, मी सांगितलं. "म्हणजे इथं पण कुणीतरी चावी फिरवतंय."

परतल्यावर कामात एक फरक पडला. शेवटच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला की पुढच्या पॉइंटला जायच्या आधी, वेळ असला तर, मी त्या गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहतो. ड्रमात धार पडल्याचा आवाज आला की निघतो.

अलीकडं जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी नेरच्या तलावातून बोगद्यानं आंधळीच्या धरणात आणलं आहे, आणि तिथून उत्तर माणच्या गावांना उचलून द्यायची योजना आहे. गावाकडून फोन आला तेव्हा तात्या असते तर काय म्हणाले असते, ते मला सांगता येत नाही. आंधळीच्या खाली नदीला त्यातलं किती मिळतं, वरच्या बाजूच्या वाड्यांचं काय झालं, त्या झिऱ्याजवळ आता कोण बसतं, हे फोनवर कळत नाही. लेक आता कॉलेजात आहे. परीक्षा संपली की पुन्हा कुळकजाईपासून चालायचं ठरलंय. या वेळी आठ लिटर तिच्या सॅकमध्ये आणि तीन माझ्या, असं तिनं परस्पर ठरवून टाकलंय.